शयनासनाचं परिमाण आधी, दुकान नंतर



"फर्निचर काय, एकदाच होतं. तिथे कशाला बजेट बघायचं?" हे वाक्य आमच्याकडे साखरखेर्ड्यात मी दर दिवाळीच्या आधी निदान तीन घरांत ऐकते. लग्नसराईत तर रोजच. बोलणारी बाई चांगली समजूतदार असते. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करते, शेंगदाण्याच्या तेलाचा डबा कुठे पन्नास रुपयांनी स्वस्त मिळेल हे तिला पाठ असतं. आणि तीच बाई सत्तर हजारांचा सोफा वीस मिनिटांत पसंत करून येते. मला हे पटत नाही आणि आज मी ते स्पष्ट लिहिणार आहे. कोणाला लागलं तर क्षमा, पण शब्द मागे घेणार नाही.

माझं म्हणणं एवढंच: जिने घरी बसून, कागदावर, मर्यादा घालून घेतली नाही तिने फर्निचरच्या दुकानाची पायरी चढू नये. आणि ही मर्यादा नुसती रुपयांची पुरत नाही, आधी वस्तूंची लागते.

पहिल्यांदा ते "एकदाच" बघू. आमच्या सासूबाईंच्या वेळच्या घरात काय होतं? दोन बाजा, एक सागवानी पेटी, लोखंडी कपाट, चौरंग, पाट, सतरंज्या. बाज उभी केली की खोली मोकळी. त्यातली सागवानी पेटी आजही आहे, तिच्याबाबतीत "एकदाच होतं" म्हटलेलं मी मान्य करीन. पण आज दुकानात जे चकचकीत उभं असतं ते बहुतेक लाकडाच्या भुशाचं दाबून केलेलं फळकूट असतं, वरून लाकडाच्या रेषांचा कागद चिकटवलेला. एकदा खोलून दुसऱ्या घरी नेऊन जोडलं की स्क्रूची भोकं ढिली पडतात. खालून फरशीचं पाणी शोषलं की कडा फुगतात. मुलांच्या बदल्या होतात, आज पुणे, उद्या हैदराबाद. अशा घरात कपाट "एकदाच" होत नाही, दोन बदल्यांत संपतं. मग किंमत वर्षांनी भागून बघा. अठरा हजारांचं कपाट सहा वर्षं टिकलं तर वर्षाला तीन हजार पडले. तीस हजारांचं तीस वर्षं टिकलं तर वर्षाला हजार. मी जुन्या काळची बी.कॉम. आहे, नोकरी केली नाही, पण दुकानाची कीर्द-खतावणी चाळीस वर्षं घरात बसून लिहिली आहे. हा भागाकार करायला पदवीही लागत नाही.

म्हणजे स्वस्त घ्या असं मी सांगत नाहीये, हे लक्षात घ्या. मर्यादा आणि कंजुषी या दोन गोष्टी एकच समजल्यामुळेच आपल्या बायका "बजेट" शब्द ऐकला की नाक मुरडतात.

आता आपल्या शास्त्राकडे येते. आपण पाचवं अणुव्रत पाठ म्हणतो, परिग्रह-परिमाण. महाराजांचं प्रवचन झालं की पुष्कळजणी उभ्या राहून नियमही घेतात. सोन्याचं परिमाण, साड्यांचं परिमाण, जमिनीचं परिमाण. फर्निचरचं परिमाण घेतलेली बाई मला आजवर एकही भेटलेली नाही. का? "शास्त्रात कुठे सोफा सांगितलाय?" असं एकीने मला विचारलंसुद्धा. सांगितलाय की! आपल्या दिगंबर परंपरेत बाह्य परिग्रह दहा मोजतात. क्षेत्र, वास्तु, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद, यान, शयनासन, कुप्य, भांड. त्यातलं शयनासन म्हणजे काय? शयन म्हणजे झोपायचं, आसन म्हणजे बसायचं. पलंग आणि सोफा! घरापेक्षा वेगळं, भांड्यांपेक्षा वेगळं, स्वतंत्र खातं उघडून ठेवलंय पूर्वाचार्यांनी. आपण मात्र ते खातं कोरं ठेवतो आणि वर म्हणतो की याला हिशेब कशाला.

आणखी एक. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताला दुसरंही नाव दिलंय, इच्छापरिमाण. मला हे नाव फार आवडतं. पैशाचं परिमाण घालायला काही फार धैर्य लागत नाही, खिशात जेवढे आहेत तेवढेच जाणार. मर्यादा घालायची ती इच्छेला. आणि याच ठिकाणी व्रताचे जे अतिचार मोजलेत, त्यात लोभ आहे, अतिसंग्रह आहे आणि विस्मय आहे. विस्मय हा दोष कसा, असा प्रश्न मला तरुणपणी पडायचा. त्याचा अर्थ सांगतात तो असा, दुसऱ्याचं वैभव पाहून तोंडात बोट घालणं. आता सांगा, गृहप्रवेशाच्या जेवणाला गेल्यावर आपण करतो काय? जेवण अर्धं राहतं आणि "अगं, तिच्याकडचा तो एल आकाराचा सोफा पाहिलास का" सुरू होतं. घरी परत येताना गाडीतच स्वतःचा सोफा जुना वाटायला लागतो. सकाळपर्यंत तो चांगला होता. रात्रीतून स्पंज बसला का त्याचा? नाही. विस्मय झाला.

श्वेतांबर भगिनीही हे लिखाण वाचतात, त्यांच्यासाठी उपासकदशांगातला आनंद श्रावक आहेच. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत ठेवलेल्या, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरच्या पसाऱ्यात, शिवाय दहा-दहा हजार गायींचे चार गोकुळ. भगवान महावीरांपुढे व्रत घेताना त्याने काय केलं? आहे त्यावर रेघ मारली, याच्यापुढे नाही. एवढ्यावर थांबला नाही. अंग पुसायचं वस्त्र कोणतं, दातवण कोणतं, आंघोळीला पाण्याचे घडे किती, तेही ठरवून टाकलं. घडे आठ. बारा कोटींचा धनी आंघोळीचे घडे मोजतो! म्हणून मला कोणी "बजेट तंगीवाल्यांनी करायचं, आपल्याला काय गरज" असं म्हटलं की मी आनंदाचं नाव घेते. मर्यादा घालणं हे मुळात ज्याच्याकडे आहे त्याचंच काम आहे. ज्याच्याकडे नाही त्याला ती न मागता मिळालेलीच असते.

आणि "पाहुण्यांना बसायला नीट जागा नको का" हे दुसरं लाडकं वाक्य. आपल्या घरी येणारा सर्वांत मोठा पाहुणा कोण? मुनिमहाराज. पडगाहन करून आत आणलं की नवधा भक्तीत दुसरी पायरी उच्चासनाची. त्यांना आपण बसवतो कशावर? साध्या, कोरड्या, स्वच्छ लाकडी पाटावर. त्याच घरात ऐंशी हजारांचा मखमली सोफा मग कोणासाठी आहे? नणंदेच्या जावेसाठी? वर्षातून दोनदा चहा प्यायला येते ती, आणि तिलाही स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसायलाच आवडतं.

दुकानाबद्दल लिहिते, कारण माझा राग तिथे जास्त आहे. पूर्वी आमच्या गावची माणसं मेहकरला, चिखलीला, फार झालं तर जालन्याला जायची. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगरची मोठाली दुकानं एकदम दाराशी आल्यासारखी झाली. सकाळी निघा, संध्याकाळी परत. रस्ता चांगला झाला याचा आनंदच आहे. पण तीन-तीन मजली दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न काय येतो? "मॅडम, बजेट किती?" हा प्रश्न तुमच्या सोयीसाठी नसतो. तुम्ही पन्नास म्हणालात की पहिली वस्तू पासष्टची दाखवतात, नंतर नव्वदची, आणि मग पन्नासची अशी दाखवतात की तुम्हालाच ती केविलवाणी वाटावी. मग पासष्ट एकदम मधलं, शहाणपणाचं वाटू लागतं. आम्हीही दुकानदार माणसं, कापड दाखवतानाची ही युक्ती आमच्या घरात तीन पिढ्या माहीत आहे. म्हणून माझं ऐका, आकडा सांगूच नका. वस्तू सांगा, मापं सांगा, लाकूड सांगा, आणि गप्प बसा.

भाव ऐकला की विचारा, जीएसटी धरून की सोडून? लाकडी आणि लोखंडी फर्निचरवर १८ टक्के आहे. पन्नास हजारांवर नऊ हजार होतात, चिल्लर नव्हे. बांबू-वेताच्या फर्निचरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे, हेही लक्षात असू द्या. वेताच्या दोन खुर्च्या ओसरीत काय वाईट दिसतात? त्याशिवाय टेम्पो, हमाली, जोडणीवाल्याचे पैसे, आणि पलंग घेतला की त्याच्या मापाची गादी. पलंगाच्या किमतीत गादी नसते, हे घरी आल्यावर लक्षात येणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. प्लायवूड असेल तर नुसतं "वॉटरप्रूफ आहे हो" यावर विश्वास ठेवू नका, पाटीवर आयएस ७१० आहे की आयएस ३०३ ते वाचा. ७१० हे पाण्याला टिकणारं, ३०३ मध्ये साधंही येतं.

आणि आता हप्ता. या एका शब्दाने आपल्या घरातलं परिमाण-व्रत जेवढं मोडलं तेवढं दुसऱ्या कशानेच मोडलं नसेल. "ताई, बिनव्याजी आहे." मैत्रिणींनो, बिनव्याजी पैसा फक्त आईबाप देतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज किमतीत मुरवलेलं असतं. ओळखायचं कसं? दुकानदाराला विचारा, आत्ता रोख मोजले तर शेवटचा भाव काय? रोख पंचावन्न आणि हप्त्यांची बेरीज साठ, तर पाच हजार हे व्याजच, त्याला काहीही नाव द्या.

दुसरा प्रकार याहून वाईट. "फक्त १२ टक्के, फ्लॅट." नव्वद हजारांचं कर्ज, चोवीस महिने. दोन वर्षांचं व्याज २१,६००, एकूण १,११,६००, हप्ता ४,६५०. ऐकायला बरं वाटतं. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल ३,७५० रुपये फेडताय. वीस हप्ते भरल्यावर मुद्दल उरलं फक्त पंधरा हजार, आणि एकविसाव्या हप्त्यातही व्याज धरलंय तेच नऊशे रुपये. पंधरा हजारांवर महिन्याला नऊशे! घटत्या बाकीवर नीट मांडलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. आमच्या गावचा जुना सावकार निदान स्वतःला सावकार म्हणवून घ्यायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून असं कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते एका पानावर लिहून द्यायचं आहे. सही करायच्या आधी ते पान मागा. नवरा म्हणेल, "अगं, किती प्रश्न विचारतेस, लोक बघताहेत." बघू देत.

आपल्याकडे पैसा कसा येतो याचाही विचार हवा. पगारदारांचं ठीक आहे, दर एक तारखेला येतो. आपली बहुतेक घरं दुकानावर चालतात आणि दुकान शेतकऱ्यावर चालतं. सोयाबीन आणि कापूस विकला गेला की उधारी वसूल होते, पाऊस दगा देऊन गेला की वहीत आकडे तसेच पडून राहतात. मग श्रावणात, पोळ्याला, हातात काही नसताना, "येणारच आहेत की पैसे" म्हणून सोफा आणायचा तो कशाच्या जिवावर? गल्ल्यातून उचल करायची? ती उचल म्हणजे दुकानाच्या भांडवलातून काढलेले पैसे. तेवढा माल कमी भरला जाणार, तेवढी विक्री कमी होणार. सोफा घरात दिसतो, दुकानातली रिकामी फळी दिसत नाही. म्हणून माझ्या मते फर्निचरचा आकडा ठरवायचा तो दिवाळीला, वहीपूजनानंतर. आपलं वीर निर्वाण संवत्सर तेव्हाच बदलतं. गेल्या वर्षाची खरी शिल्लक किती हे कागदावर दिसतं. त्या शिल्लकीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त फर्निचरला देऊ नये, हे माझ्या घरचं प्रमाण. तुमचं वेगळं असेल. असायला हवं एवढं नक्की.

पैशाच्या आकड्याआधी मात्र वस्तूंची यादी. एका खोलीत किती, ते लिहा. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. सहा बाय साडेसहाचा डबल बेड ठेवला की त्यातले ३९ गेले, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा खोलीत नुसती झोपायची जागा. त्यात दोन फूट खोल कपाट, त्याचं दार उघडायला पुढे जागा, ड्रेसिंग टेबल. चालायचं कुठून? मी सांगते ते करून पाहा. घ्यायच्या वस्तूच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटपट्टीने जोडून ठेवा आणि आठ दिवस त्यांच्यावर पाय न ठेवता घरात वावरा. चौथ्या दिवशी निम्मी यादी तुम्हीच खोडाल. आणि घराच्या दाराचं माप टेपने घ्या. जिन्याचं वळणही. दुकानाच्या दारातून बाहेर पडलेला सोफा घराच्या दारातून आत जाईलच असं नाही.

अहिंसेचा भाग मी फर्निचरच्या चर्चेत कधीच ऐकत नाही, म्हणून इथे थोडी रेंगाळणार आहे. चामड्याचा सोफा आपल्या घरात येत नाही, तेवढ्यावर आपलं समाधान होतं. पण बाकीचं? नक्षीकामाचा पलंग घेता, त्या नक्षीच्या खाचांत धूळ बसते, धुळीत बारीक जीव होतात. रोज मऊ फडक्याने पुसणार आहात का? पेटीचा पलंग घेता, आत जुन्या रजया, लग्नातली भांडी, नको असलेल्या भेटवस्तू. वर दोन माणसं झोपतात, म्हणून वर्षातून एकदा उघडता. चातुर्मासाच्या दमट हवेत आत काय काय होत असेल? मग दिवाळीला उघडल्यावर किंचाळायचं आणि औषध फवारायचं. चार महिने रात्री पाणीसुद्धा न पिणारी बाई एका फवाऱ्यात किती जीव मारते याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा? हलक्या प्रतीच्या लाकडाला वाळवी लागते, तिथेही तेच. म्हणून माझ्या लेखी ज्या वस्तूखालून केरसुणी सहज फिरत नाही आणि जी आठवड्यातून एकदा हलवता येत नाही ती वस्तू महाग, मग ती फुकट मिळालेली का असेना. आपण यत्नाचार म्हणतो तो चालण्या-बोलण्यापुरता नाही, खरेदीलाही लागू आहे.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. साठी उलटली की जमिनीवर बसणं होत नाही. माझे गुडघेही आता सतरंजीला नकार देतात. सामायिकाला मी खुर्चीवर बसते आणि त्याची मला लाज वाटत नाही. म्हाताऱ्या माणसासाठी हातांची, योग्य उंचीची, टणक बैठकीची खुर्ची ही गरज आहे, तिथे हात आखडू नका. पाठीला नीट गादी हवी, ती चांगली घ्या. शोकेस कमी करा. गंमत अशी की घरोघरी शोकेसला चाळीस हजार निघतात आणि आजोबांना प्लॅस्टिकची खुर्ची. आजोबा त्या रुतणाऱ्या सोफ्यावर बसले की त्यांना उठवायला दोन माणसं लागतात, म्हणून ते बसतच नाहीत. सोफा कोणासाठी मग? परत तोच प्रश्न.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. लग्नातलं फर्निचर.

मुलीच्या लग्नात आंदण म्हणून पलंग, गादी, कपाट, ड्रेसिंग टेबल, सोफा. टेम्पोला फुलांची माळ घालून रवाना करायचा. "आम्ही काही मागितलं नाही हो, तुमच्या मुलीला जे द्यायचं ते द्या," हे मुलाकडचं वाक्य तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. या वाक्यात आकडा नसतो, म्हणूनच ते भयंकर आहे. आकडा सांगितला असता तर बाप नाही तरी म्हणू शकला असता. आकडाच नाही म्हटल्यावर तो शेजारच्या लग्नात काय दिलं ते बघतो आणि त्याच्यावर थोडं चढवतो. मी बघितलेल्या एका लग्नात बापाने दुकानाच्या मालावर उचललेलं कर्ज पलंग-सोफ्यावर घातलं. मुलगी पुण्यात एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात गेली. सागवानी पलंग लिफ्टमध्ये मावला नाही. तो सासरी गावच्या घरात धान्याच्या खोलीत उभा आहे, त्याच्यावर पोती ठेवतात. बाप अजून हप्ते भरतोय. आणि त्या मुलीला कोणी विचारलं होतं का, बाई, तुला काय हवंय? तिला कामावर बसायला एक टेबल-खुर्ची हवी होती. ती तिने स्वतःच्या पगारातून घेतली.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. हुंडाबंदी कायदा १९६१ चा. देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. न मागता दिलेल्या भेटींना सूट आहे, पण त्यांची यादी करावी लागते. १९८५ च्या नियमांत त्या यादीत काय हवं तेही दिलंय, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि वधू-वरांच्या सह्या. आपल्या किती लग्नांत अशी यादी झाली? पंगतीत मिठाई किती याची होते.

काही बाप आणि त्यांच्याहून जास्त काही भाऊ म्हणतात, "तिचा वाटा तिला लग्नात दिला." हे वाक्य मी खपवून घेत नाही. हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तिच्या वाट्याचं शेत, दुकान, घर भावाकडे राहणार आणि तिला मिळणार पलंग. आता हिशेब करा. दोन लाखांचं फर्निचर. प्राप्तिकराच्या हिशेबात धंद्यातल्या फर्निचरला वर्षाला १० टक्के घसारा धरतात. तोच लावला तर दहा वर्षांनी कागदावर उरतात सत्तर हजारांच्या आत, आणि जुन्या बाजारात त्याचे दहाही कोणी देत नाही. तेच दोन लाख तिच्या एकटीच्या नावाने बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर दहा वर्षांत तीन लाख त्र्याण्णव हजार झाले असते. एकीकडे घसरणारं, एकीकडे वाढणारं. घसरणारं मुलीला, वाढणारं मुलाला, आणि वर काही वर्षांनी हक्कसोडपत्रावर सही करायला तिलाच बोलवायचं, ओवाळणीच्या ताटाबरोबर. याला वाटा म्हणतात होय?

"पण रिकाम्या हाताने मुलगी पाठवायची का?" अशी हाक लगेच येईल. मी कुठे म्हटलं रिकाम्या हाताने? मुलीला बसवून विचारा. कुठे राहणार, भाड्याचं घर की स्वतःचं, किती वर्षं, खोली केवढी. तिने यादी करावी, तुम्ही आकडा ठरवावा, आणि त्यातलं फर्निचर किती नि मुदत ठेव किती हे तिने ठरवावं. फर्निचर घ्यायचंच तर लग्नानंतर तीन महिन्यांनी, तिने ते घर स्वतः पाहिल्यावर. टेम्पोला माळ घालता येणार नाही एवढंच नुकसान.

सासूबाई झालेल्या मैत्रिणींना वेगळं सांगते, कारण ही गाठ आपल्याच हातात आहे. "काही नको" असं मोघम म्हणू नका. "आमच्या घरात पलंग आहे, कपाट आहे, दुसऱ्याला जागा नाही, पाठवलंत तर परत येईल" असं नाव घेऊन सांगा, साखरपुड्याच्या आधी सांगा, आणि चार माणसांदेखत सांगा. आपण नको म्हटल्याशिवाय मुलीचा बाप थांबू शकत नाही, हे आपण सगळ्या जाणतो. आपलेही वडील त्यातून गेलेच आहेत.

येत्या दशलक्षण पर्वात नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, आमच्या स्वाध्यायाच्या बायकांनी घरातल्या शयनासनाची मोजदाद लिहून आणायची असं मी सुचवलं आहे. बाज, पलंग, दिवाण, सोफा, खुर्च्या, स्टूल, सगळं. त्याखाली "याच्यापुढे इतकंच" म्हणून एक आकडा, आणि नवीन एक आलं तर जुनं एक कोणाला तरी गरजू घरी द्यायचं. दोघीतिघींनी मान हलवली आहे. एकीने विचारलं, डायनिंग टेबलच्या सहा खुर्च्या एक धरायच्या की सहा? सहा, बाई, सहा!

लग्नसराईत आमच्या ओळखीत दोन लग्नं आहेत. दोन्ही घरी जाऊन मी हेच बोलून आले. एका घरी मुलीची आई रडली, मग म्हणाली, काकू, तुम्हीच यांना सांगा. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि मुलीच्या नावाने ठेवपावती झाली. दुसऱ्या घरी मला चहा दिला, चिवडा दिला, आणि दिवाण जालन्याहून निघालाय असं सांगितलं.

जय जिनेंद्र.